आगाखान वेगळे, सय्यदना वेगळे

पुण्यात आगाखान पॅलेस बघायला गेलं की 'आगाखान म्हणजे बोहऱ्यांचे धर्मगुरू ना?' असं विचारणारं कोणीतरी हमखास भेटतं. नव्हेत. दाऊदी बोहऱ्यांचे सय्यदना. आगाखान इस्माइली खोजांचे. दोघेही शिया, दोन्ही परंपरा कैरोच्या फातिमी खलिफांना मानणाऱ्या, आणि दोन्हीकडे गुजराती वळणाचे व्यापारी. गोंधळ व्हायचाच.

फाटा फुटला 1094 मध्ये. खलिफा मुस्तनसिर वारले आणि गादी थोरल्या निझारची की धाकट्या मुस्तालीची, यावरून तंटा पेटला. खोजे निझारच्या बाजूचे, बोहरे मुस्तालीच्या. बोहऱ्यांच्या श्रद्धेनुसार त्यांचे इमाम, म्हणजे सर्वोच्च धर्मगुरू, बाराव्या शतकापासून पडद्याआड आहेत. त्यांच्या वतीने कारभार बघणारा दाई म्हणजे सय्यदना. आगाखान मात्र कुणाचे नायब नाहीत, ते स्वतःच 'हाजर इमाम', म्हणजे समोर हयात असलेले इमाम. खरी मेख इथे आहे.

गंमत म्हणजे 'आगाखान' हा किताब धर्माने नव्हे, इराणच्या दरबाराने दिला. 1817 मध्ये यझ्द शहरात जमावाने खोजांचे इमाम खलीलुल्लांना ठार केलं. मुलगा हसन अली शाह तेव्हा जेमतेम तेरा वर्षांचा. इराणचा बादशहा फतह अली शाहने त्याला किताब दिला, जमिनी दिल्या, पुढे आपली मुलगीही दिली. पुढे हा जावई केरमानचा सुभेदार झाला, नंतरच्या शाहशी बिनसलं, बंड फसलं आणि 1841 मध्ये तो घोडेस्वारांसह अफगाणिस्तानात निसटला. सिंधच्या लढाईत त्याने इंग्रजांना मदत केली आणि शेवटी मुंबई गाठली. इथे काही खोजांनीच त्याचा हक्क नाकारला. 1866 मध्ये मुंबई हायकोर्टाने निकाल दिला: खोजे शिया इस्माइली, आणि आगाखान त्यांचे इमाम. इमामपदावर कोर्टाचा शिक्का! 1881 मध्ये ते वारले. कबर माझगावच्या हसनाबादेत आहे.

सय्यदनांची खूण भेंडी बाजारात. तिथल्या रौदत ताहेरा या समाधीच्या आतल्या भिंतींवर अख्खं कुराण कोरलेलं आहे. रस्त्यावर ओळखायचं तर सोनेरी काठाची पांढरी टोपी बोहऱ्यांची. बोहरे मशिदीत जातात, आगाखानी खोजे जमातखान्यात, म्हणजे आपल्या जमातीच्या प्रार्थनागृहात.

राहिला पुण्याचा पॅलेस. तो 1892 मध्ये हसन अली शाहांच्या नातवाने, तिसऱ्या आगाखानांनी बांधला. हेच पुढे मुस्लिम लीगचे पहिले अध्यक्ष झाले. आणि 1942 मध्ये इंग्रजांनी गांधीजींना कैदेत ठेवलं ते याच वाड्यात.