उन्हाळ्यातील उष्मा व आर्द्रता : सातारा–सांगली प्रदेश

सह्याद्रीच्या माथ्यापासून जतच्या माळापर्यंत पसरलेल्या सातारा व सांगली जिल्ह्यांतील मार्च ते जूनच्या आरंभापर्यंतची उष्णता, हवेतील बाष्प आणि शेजारच्या प्रदेशांशी त्यांची तुलना यांचा विचार प्रस्तुत नोंदीत केला आहे. भारतीय हवामान विभागाच्या मांडणीत दोन्ही जिल्हे ‘मध्य महाराष्ट्र’ या उपविभागात येतात. मात्र त्यांतला उन्हाळा एकजिनसी नाही.

महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे १,३५० मी., सातारा शहर ७०० मी.च्या आसपास, तर सांगली ५५० मी. उंचीवर आहे. उंचीबरोबर तापमान दर १,००० मी.ला सरासरी ६.५° से. उतरते. त्यामुळे महाबळेश्वर व सांगली यांच्या तापमानांतील पाचेक अंशांचा फरक केवळ उंचीचा मानता येतो. उरलेला फरक जंगल, ओल आणि समुद्राचे सान्निध्य यांचा. महाबळेश्वरी वर्षाला ५,५०० मिमी.हून अधिक पाऊस पडतो, तर माण, आटपाडी, जत या तालुक्यांत ५०० मिमी.च्या आसपास. पावसाळ्यातली ही तफावत उन्हाळ्यातही जाणवते. ज्या जमिनीत ओल उरलेली नसते तिथे उन्हाची सगळी शक्ती माती आणि हवा तापवण्यातच खर्च होते. सांगली-मिरजेकडे एप्रिल-मेमध्ये दुपारचे तापमान सामान्यतः ३८° ते ४०° से. असते. सातारा शहर त्याहून थोडे सौम्य आहे.

सापेक्ष आर्द्रतेचा घोटाळा : प्रादेशिक तुलनांत सर्वाधिक गफलत होते ती सापेक्ष आर्द्रतेच्या टक्केवारीमुळे. एक घनमीटर हवा २०° से. तापमानाला सुमारे १७ ग्रॅम, ३०° ला ३० ग्रॅम व ४०° ला ५१ ग्रॅम बाष्प सामावू शकते. या कमाल क्षमतेपैकी प्रत्यक्षात किती हिस्सा भरला आहे, तेवढेच टक्केवारी सांगते. सकाळी २७° से. तापमानाला ६० टक्के आर्द्रता असलेली हवा दुपारी ३९° पर्यंत तापली, तर तिच्यातले बाष्प न घटताही आकडा ३० टक्क्यांच्या जवळ येतो. वेधशाळांच्या तक्त्यांत आर्द्रता सकाळी ८.३० व सायंकाळी ५.३० या वेळांची देण्याचा प्रघात आहे. एका गावाचा सकाळचा आकडा आणि दुसऱ्याचा सायंकाळचा आकडा शेजारी ठेवून काढलेले निष्कर्ष म्हणूनच निरुपयोगी ठरतात, आणि असे निष्कर्ष वर्तमानपत्रांत दर उन्हाळ्यात दिसतात. तुलनेसाठी दवबिंदू, म्हणजे हवा ज्या तापमानापर्यंत निववली असता दव पडू लागेल ते तापमान, अधिक विश्वसनीय होय.

उदाहरणादाखल दोन दुपारी घेऊ. पूर्व सांगलीत ४०° से. व २० टक्के आर्द्रता. रत्नागिरीच्या किनाऱ्यावर ३३° से. व ६५ टक्के. पहिल्या हवेत घनमीटरमागे सुमारे १० ग्रॅम बाष्प असते, दुसऱ्या हवेत २३ ग्रॅम. ओले फडके गुंडाळलेला तापमापक पहिल्या ठिकाणी २२°–२३° दाखवील, तर दुसऱ्या ठिकाणी २७°–२८°. शरीर घामाच्या बाष्पीभवनाने निवते, त्यामुळे हा ओल्या फडक्याचा आकडा देहाच्या दृष्टीने महत्त्वाचा. सांगलीत घाम अंगावर दिसण्याआधीच वाळतो, कोकणात तो निथळत राहतो. अर्थात सांगलीच्या उन्हात शरीरातले पाणी नकळत कमी होते, हा धोका फडक्याचा तापमापक दाखवत नाही.

उष्णता व आर्द्रता यांचा देहावरील एकत्रित ताण एका आकड्यात सांगणाऱ्या निर्देशांकांबाबत मतभेद आहेत. रॉबर्ट स्टेडमन यांनी १९७९ मध्ये मांडलेल्या कोष्टकांवर आधारलेला उष्मा निर्देशांक सर्वांत प्रचलित असून भारतीय हवामान विभागाने २०२३ पासून त्या धर्तीचे निर्देशांक प्रायोगिक स्वरूपात देण्यास सुरुवात केली. मात्र तो सावलीतल्या माणसासाठी आहे. १९५० च्या दशकात अमेरिकी लष्करी प्रशिक्षणासाठी तयार झालेल्या दुसऱ्या निर्देशांकात ओल्या फडक्याच्या तापमानाला ७० टक्के, उन्हात ठेवलेल्या काळ्या पोकळ गोळ्यातील तापमानाला २० टक्के व हवेच्या तापमानाला १० टक्के भार दिला जातो. त्यात ऊन व वारा या दोहोंचा हिशेब येतो. शेतात, वीटभट्टीवर राबणाऱ्यांच्या संदर्भात हाच अधिक उचित दिसतो.

कोकणाशी तुलना : सातारा शहर समुद्रापासून सरळ रेषेत १०० किमी.च्या आत, तर जत सुमारे २०० किमी.वर आहे. समुद्रावरून येणारा दमट वारा सह्याद्रीच्या भिंतीशी बराचसा अडतो आणि उरलेला घाटांतून उशिरा वर चढतो. त्यामुळे कोयना खोऱ्यात सायंकाळी जाणवणारा गारवा माणदेशापर्यंत क्षीण होत जातो. रात्री चित्र उलटते. कोरडी हवा लवकर निवत असल्याने पूर्व भागात दिवस व रात्र यांच्या तापमानांत पंधराएक अंशांचा फरक पडतो, कोकणात तो सात-आठ अंशांचाच असतो. चिपळूणहून कुंभार्ली घाट चढून कराडला आलेल्याला दुपार कडक वाटते, पण झोप लागते.

मार्च-एप्रिलमध्ये कधीकधी कोकणच पठारापेक्षा अधिक तापते. मुंबईत सांताक्रूझ येथे १४ एप्रिल १९५२ रोजी ४२.२° से. तापमान नोंदले गेले. अशा दिवसांचे कारण दोन प्रकारे दिले जाते. पूर्वेकडील वारा घाट उतरताना दाबला जाऊन दर १०० मी.ला जवळजवळ एक अंशाने तापतो, हे पहिले. हाच वारा समुद्रवाऱ्याला दुपारपर्यंत थोपवून धरतो, हे दुसरे. दोन्ही क्रिया एकाच वेळी घडत असल्या तरी दिवसागणिक होणाऱ्या चढउतारांचा उलगडा दुसऱ्या कारणाने अधिक चांगला होतो, असे दिसते.

विदर्भाशी तुलना : नागपूर, चंद्रपूर येथे मे महिन्यात तापमान ४५° से. ओलांडते, सांगलीत तसे सहसा होत नाही. विदर्भात मे हा सर्वांत तप्त महिना, तर सातारा–सांगलीत एप्रिलअखेरीनंतर वळवाचे ढग कमाल तापमान रोखून धरतात. उष्णतेची लाट ठरवताना सपाट प्रदेशात किमान ४०°, किनाऱ्यावर ३७° व डोंगराळ भागात ३०° से. ही मर्यादा आणि त्याखेरीज सरासरीहून किमान ४.५° ची वाढ पाहिली जाते. परिणामी ३९° ची उकाड्याची सांगली ‘लाटे’त बसत नाही, आणि महाबळेश्वर त्याहून कितीतरी कमी तापमानाला बसू शकते.

कोरड्या हवेचा सर्वांत चोख पुरावा तासगाव, कवठे महांकाळ परिसरातील बेदाणा शेडवर मिळतो. द्राक्षे इथे उन्हात नव्हे, तर सावलीत जाळीच्या रॅकवर पसरून वाहत्या कोरड्या हवेने वाळवतात. मार्च-एप्रिलची हवा दमट असती तर हा धंदा येथे उभा राहिला नसता. अवकाळी पावसाचे एक सावट आले तरी माल काळा पडतो. सांगलीच्या बेदाण्याला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. माठ व कूलर यांचीही मदार बाष्पीभवनावरच असल्याने ते किनाऱ्यापेक्षा इथे चांगले चालतात.

थंड हवेचे ठिकाण म्हणून महाबळेश्वरचा आरंभ बहुधा १८२४ मध्ये पीटर लॉडविक या लष्करी अधिकाऱ्याने तेथे केलेल्या चढाईपासून धरतात. गव्हर्नर जॉन माल्कम यांच्या काळात, १८२८–२९ च्या सुमारास, साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह यांच्याकडून जागा मिळून वसाहत उभी राहिली. आरंभ येथून धरणे अधिक सयुक्तिक वाटते. क्षेत्र महाबळेश्वर त्याआधीपासून नांदते होतेच.

बागायतीचा परिणाम : ऊस व उपसा सिंचन योजना (ताकारी, म्हैसाळ, टेंभू) यांमुळे कृष्णाकाठ दमट झाला, असे स्थानिक लोक सर्रास म्हणतात. सिंचनाने कमाल तापमान उतरते पण दमट उष्म्याचा ताण वाढतो, असा निष्कर्ष भारतासंबंधी २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात निघाला. त्याचा भर गंगेच्या मैदानावर होता. कृष्णेची अरुंद बागायती पट्टी आणि तिच्या दोन्ही बाजूंचे कोरडे माळ यांना तो जसाच्या तसा लावणे घाईचे ठरेल. मेअखेर रोहिणी नक्षत्राच्या सुमारास वाढणारी आर्द्रता मुख्यतः पश्चिमेच्या वाऱ्यांची असते, आणि ती मुख्यतः कोरडवाहू असलेल्या जतमध्येही वाढते.