कुलूच्या जुडीतला डीएनए

पहिले दोन-चार पाऊस झाले की बोरिवलीच्या बाजारात आदिवासी बायका कुलूच्या जुड्या घेऊन बसतात. कुणी हिला फोडशी म्हणतं. लांब, हिरवी पाती, बुडाशी पांढरट. ही क्लोरोफायटम कुळीतली (म्हणजे जवळच्या जातींच्या गटातली, 'जीनस'मधली) भाजी. याच कुळीतल्या सफेद मुसळीचं शास्त्रीय नाव क्लोरोफायटम बोरिविलिएनम; सांतापाव आणि फर्नांडिस या वनस्पतिशास्त्रज्ञांनी १९५०च्या दशकात तिची नोंद केली, ती बोरिवलीच्या नावानेच! नववी-दहावीच्या मुलांना जंगलाचं जनुकशास्त्र शिकवायला मुंबईत याहून सोयीची वनस्पती कुठली?

पहिला धडा शाळेतच होतो. पानं ठेचायची, मीठ आणि भांडी घासायचा लिक्विड साबण घातलेल्या पाण्यात मिसळून गाळायची आणि वरून गार स्पिरिट हळूच सोडायचं. साबणाने पेशींची आवरणं फुटतात, डीएनए स्पिरिटमध्ये विरघळत नाही, त्यामुळे पांढुरके धागे वर तरंगतात. त्यातली अक्षरं, म्हणजे डीएनएच्या घटकांचा क्रम, वाचायला मात्र प्रयोगशाळाच लागते. वनस्पतींच्या ओळखीसाठी आरबीसीएल आणि मॅटके हे हरितलवकातले दोन जनुकांचे तुकडे २००९मध्ये ठरवले गेले. ते वाचून कुळी बहुधा कळते. जवळच्या जाती वेगळ्या करताना पुष्कळदा गाडी अडते. एका जुडीत दोन जाती असतील तर मुलांची खरी कसोटी तिथे लागेल.

आता तीच जुडी आरे किंवा येऊरच्या पाड्यावरच्या एखाद्या वारली आजीपुढे ठेवा. पान कोवळं असताना घ्यायचं, मधला कडक दांडा काढून टाकायचा, पाती वरून खुडायची, कंद जमिनीतच राहू द्यायचा, हे ती सांगेल. कंद राहिला तर पुढच्या पावसात रोप पुन्हा फुटतं. मुसळीच्या व्यापारात नेमका कंदच उपटला जातो, म्हणून रानातली मुसळी विरळ झाली. रोपं घटली की त्यांच्यातलं जनुकीय वैविध्यही आटतं. 'वरून खुड' या सांगण्यात लोकसंख्या-जनुकशास्त्राचा, म्हणजे एखाद्या जातीच्या समूहातलं जनुकीय वैविध्य कसं बदलतं या शास्त्राचा, अख्खा धडा आहे.

डीएनएने आजीची परीक्षा घ्यायची, असा तास मला मुळीच नको. तिला पाहुणी म्हणून नव्हे, शिक्षक म्हणून बोलवावं, मानधन द्यावं आणि तिने सांगितलेलं काय लिहून ठेवायचं हे तिलाच ठरवू द्यावं. २००२च्या जैवविविधता कायद्याखाली होणाऱ्या लोक-जैवविविधता नोंदवह्याही अशाच ज्ञानाच्या असतात.

बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातून परवानगीशिवाय पान तोडता येत नाही. तेव्हा नमुना बाजारातूनच घ्या, घासाघीस न करता.