जुन्या मोटारीचे मागील सस्पेन्शन : झीज, निदान आणि दुरुस्ती

मोटारीची मागची चाके सांगाड्याशी जोडणारी, खड्ड्याचा धक्का पचवणारी आणि टायर रस्त्याला धरून ठेवणारी रचना म्हणजे मागील सस्पेन्शन. स्प्रिंग किंवा पाटे (एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्यांची स्प्रिंग), हेलकावे थांबवणारा शॉकअप, चाक जागेवर ठेवणारे आर्म व रॉड आणि या सगळ्यांच्या सांध्यांतले रबरी बुश हे तिचे भाग. दहा-पंधरा वर्षे वापरलेल्या गाडीत बहुधा सर्वांत आधी थकते ते बुशांचे रबर; दोषाचे बिल मात्र शॉकअपच्या नावे फाटते. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी अशा या सवयीमुळे नवे शॉकअप बसूनही आवाज तसाच राहतो.

रचना गाडीगणिक वेगळी असते. ॲम्बेसेडर, पद्मिनी आणि ओम्नी यांना मागे पाटे आहेत. जुन्या अल्टो आणि वॅगन-आरला दोन्ही चाके जोडणारा अखंड ॲक्सल, कॉइल स्प्रिंग, ॲक्सलला पुढच्या बाजूने सांगाड्याशी धरणारे दोन ट्रेलिंग आर्म आणि ॲक्सल आडवा सरकू न देणारा एक तिरपा रॉड असतो. स्विफ्टला दोन्ही चाकांच्या मध्ये पीळ घेणारा बीम आहे, तर 1998 साली आलेल्या इंडिकाची मागची चाके स्वतंत्र आर्मवर हलतात.

नागपुरात या भागांची परीक्षा कडक होते. मे महिन्यात पारा 45 अंशांच्या पुढे जातो. उष्णतेने रबर कडक होऊन त्याला भेगा पडतात. सिमेंट रस्ता आणि जुना डांबरी रस्ता जिथे जुळतात तिथे बऱ्याच ठिकाणी पातळीत फरक राहतो आणि प्रत्येक वेळी मागच्या चाकाला खालून ठोसा बसतो. शहराबाहेर काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, त्याने रस्त्याच्या कडा खचतात. डिकीत सीएनजीची 50-60 किलोंची टाकी असेल तर मूळ स्प्रिंगवर तो भार कायमचा राहतो.

निदानाची सुरुवात डिकी रिकामी करून करावी. स्टेपनी, जॅक आणि सायलेन्सरचे लोंबणारे रबर यांचा खडखडाट सस्पेन्शनसारखाच ऐकू येतो. मग सपाट जागेवर दोन्ही मागच्या चाकांच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर मोजावे. एक बाजू ठळकपणे खाली असेल तर स्प्रिंग बसली किंवा पाट्याचे पान तुटले असण्याची शक्यता मोठी. गतिरोधकावर ‘धप्प’ असा आवाज येत असल्यास शॉकअपच्या वरच्या सांध्याचे रबर पाहावे. गाडी सुटताना किंवा ब्रेक दाबताना एकच ठोका ऐकू आला तर ट्रेलिंग आर्मचे बुश. वळणावर मागची बाजू आडवी सरकल्यासारखी वाटली तर तिरप्या रॉडची टोके आधी तपासावीत. शंका असलेल्या सांध्यात टॉमी (उचकटायची लोखंडी पहार) घालून हलके उचकटले की फाटलेले रबर धातूपासून सुटलेले डोळ्यांना दिसते.

शॉकअप पारखताना गाडीचा मागचा कोपरा दाबून सोडतात. वर येऊन एका हेलकाव्यात ती थांबली तर ठीक. ही चाचणी गाडी चालवून आल्यावर, दुपारी घ्यावी, कारण तापलेले तेल पातळ होते आणि सकाळी बरा वाटलेला शॉकअप तेव्हा उघडा पडतो. अंगावर नुसता ओलावा असणे चालते. तेल ओघळत असेल किंवा टायरवर हाताला उंचसखल चट्टे लागत असतील, तर तो बदलावा, आणि जोडीनेच.

दुरुस्तीत पुढच्या चाकांना ठोकळे लावून गाडी स्टँडवर घ्यावी. नुसत्या जॅकवर तिच्याखाली कधीही जाऊ नये. कॉइल स्प्रिंगच्या बऱ्याच गाड्यांत ॲक्सल किती खाली लोंबेल हे शॉकअपच ठरवतो. म्हणून ॲक्सलखाली टेकू देऊन एका वेळी एकच बाजू सोडवावी, नाहीतर ब्रेकच्या रबरी नळीवर (होजवर) ताण येतो. जुना बुश गॅसने जाळून काढण्याची पद्धत वाईट: आर्मचा रंग आणि कधी मजबुतीही जाते. प्रेसवर दाबून काढावा, नवा साबणाच्या पाण्याने सरकवावा. तेल-ग्रीसने साधे रबर फुगते.

सर्वांत जास्त चुकते ते शेवटचे आवळणे. बुशाच्या आतली लोखंडी नळी बोल्टने घट्ट पकडलेली असते, ती फिरत नाही. आर्म हलतो तो रबराच्या पिळावर. चाके लोंबकळत असताना बोल्ट आवळला, तर गाडी खाली येताच रबर कायमचे पिळलेले राहते आणि नवा बुश काही महिन्यांत फाटतो. म्हणून बोल्ट आधी सैल ठेवावेत, गाडी स्वतःच्या वजनावर उभी करावी आणि मगच पूर्ण आवळावेत. गाडीखाली उतरायचा खड्डा नसलेल्या गॅरेजात ॲक्सल जॅकने नेहमीच्या उंचीपर्यंत उचलूनही हे साधते. कामाचे पैसे देण्याआधी एवढे एक जरूर विचारावे.

बसलेल्या कॉइलच्या वेढ्यांत रबरी बफर कोंबल्याने उंची मिळते, पण बाकीच्या वेढ्यांवर ताण वाढतो. ती दुरुस्ती नव्हे. पाट्यांना पुन्हा कमान देता येते, मात्र भट्टीत लाल करून नीट पाणी न दिलेले पान लवकरच पुन्हा बसते. पाट्यांचे काम झाले असेल तर पाटे ॲक्सलला आवळणाऱ्या यू-बोल्टचे नट काही शे किलोमीटर चालल्यावर पुन्हा आवळून घ्यावे लागतात.