प्रार्थना कीटकाची मादी नराला दरवेळी खाते?

दरवेळी खात नाही. तरी मीलनानंतर नराचा बळी ठरलेलाच, हा समज पक्का झाला. त्यात अतिवास्तववाद्यांचा, म्हणजे स्वप्न आणि सुप्त मनाला कलेत आणणाऱ्या लेखक-चित्रकारांचा, वाटा मोठा. 1934 साली पॅरिसच्या ‘मिनोतोर’ या कलाविषयक नियतकालिकात फ्रेंच लेखक रोजे कायवा यांनी या कीटकावर लेख लिहिला. मानवी मनातली भक्षक स्त्रीची भीती आणि कीटकाची सहजप्रवृत्ती एकाच उत्क्रांतीची दोन टोकं आहेत, असा त्यांचा युक्तिवाद. आंद्रे मासों यांनी तर हे कीटक चित्रांतच आणले. कल्पना म्हणून हे सगळं मला आजही विलक्षण वाटतं. जीवशास्त्र म्हणून मात्र ते अपुरं आहे.

फ्रेंच कीटकतज्ज्ञ फाब्र यांची गाजलेली निरीक्षणं जाळीच्या पिंजऱ्यातली. तिथे नराला पळायला जागा कुठली? 1980 च्या दशकात लिस्के आणि डेव्हिस या संशोधकांनी माद्यांना आधी पोटभर खाऊ घातलं, मग चित्रण केलं. नर सुखरूप सुटले. उघड्यावर असे बळी जातात, पण बहुतेक नर वाचतात. मादी किती उपाशी आहे, यावर बरंच ठरतं.

डोकं गेलेला नरही मीलन पूर्ण करतो, हे मात्र खरं. पोटाच्या हालचालींना लगाम घालणारी चेतागुच्छिका, म्हणजे चेतापेशींचा पुंजका, डोक्यात असते. ती गेली की लगाम सुटतो.