टेकनपूरचा धूर आणि रस्त्यावरची गर्दी

ग्वाल्हेरहून झाशीच्या रस्त्याला लागलं की डबऱ्याच्या अलीकडे टेकनपूर येतं. सीमा सुरक्षा दलाची प्रबोधिनी तिथे आहे, हे ग्वाल्हेरच्या लष्कर नावाच्या भागातल्या मराठी घरांत बहुतेकांना माहीत असतं. त्याच आवारात १९७६ पासून अश्रुधुराची नळकांडी आणि गोळे तयार होतात, हे मात्र फार कमी जणांना ठाऊक आहे. केंद्रीय दलांना आणि वेगवेगळ्या राज्यांच्या पोलिसांना इथून माल जातो. म्हणजे देशात कुठेतरी ‘पोलिसांनी अश्रुधुराची नळकांडी फोडली’ अशी बातमी आली, की त्या धुराचा उगम आपल्या जिल्ह्यातला असण्याची बरीच शक्यता असते.

बातमी त्या वाक्यावर संपते. नळकांडं फुटल्यावर हवेत काय घडतं, शरीरात काय घडतं आणि गर्दीच्या मनात काय घडतं, हे कोणी सांगत नाही. या तिन्हींचा अभ्यास वेगवेगळ्या शास्त्रांत झालेला आहे. तो एकत्र मांडला की एक गोष्ट मला फार ठळक दिसते. धुराला माणसामाणसांत फरक करता येत नाही, आणि गर्दी शांत राहते ती नेमकी त्या फरकांच्या जोरावर. इंधनाच्या भाववाढीवरून रस्त्यावर आलेली गर्दी या दृष्टीने तपासून पाहावी असं मला वाटतं, कारण तिच्याइतकी मिसळलेली गर्दी दुसरी नसते. तिच्यात रिक्षावाला असतो, ट्रॅक्टरवाला शेतकरी असतो, दूध घालणारा असतो, बँकेतला कारकून असतो आणि शाळेची व्हॅन महागली म्हणून आलेली आईही असते.

मुळात एवढे लोक एकाच वेळी बाहेर का पडतात? डाळीचा भाव एका दुकानात आज चढतो, दुसऱ्यात आठवड्याने. पेट्रोलचा आकडा पंपावर मोठ्या अक्षरांत झळकतो. तो सगळ्या गावाला एकाच दिवशी दिसतो आणि सगळ्यांना दिसला आहे हेही सगळ्यांना कळतं. नायजेरियात १ जानेवारी २०१२ ला सरकारने अनुदान काढलं आणि पेट्रोल लिटरमागे ६५ नायरांवरून एकदम १४० च्या घरात गेलं. देश ठप्प झाला. पंधरवड्याच्या आत सरकारला भाव ९७ नायरांवर आणावा लागला. काझाकस्तानात जानेवारी २०२२ उजाडताच झानाओझेन या तेलाच्याच गावात गाडीत भरायचा गॅस ६० तेंगेंवरून १२० वर गेला, आणि दुसऱ्या दिवशी लोक चौकात होते.

आपल्याकडे १६ जून २०१७ पासून देशभर भाव रोज बदलू लागले. फेब्रुवारी २०२१ मध्ये आपल्याच मध्य प्रदेशात अनूपपूरला साध्या पेट्रोलने शंभरी ओलांडली, पण ती पैशापैशाने चढून. पैशापैशाने चढणाऱ्या भावाला तारीख नसते. १० सप्टेंबर २०१८ चा भारत बंद इंधनाच्या भावावरूनच झाला, पण त्याची तारीख पक्षांनी ठरवली होती, पंपाने नव्हे. नायजेरिया आणि आपल्यातला फरक समजायला हे एक कारण पुरेसं नाही. तरी त्याचा वाटा मोठा असावा, असं मला वाटतं.

अमेरिकी समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७८ मध्ये याचं एक सुंदर गणित मांडलं. शंभर माणसं घ्या. प्रत्येकाचा एक उंबरठा आहे: आधी किती जण उतरलेले दिसले म्हणजे मी उतरेन. एकाचा उंबरठा शून्य, दुसऱ्याचा एक, तिसऱ्याचा दोन, असं करत शेवटच्याचा नव्याण्णव. पहिला कोणाचीही वाट न पाहता उतरतो, त्याला पाहून दुसरा, दोघांना पाहून तिसरा, आणि बघता बघता शंभरच्या शंभर रस्त्यावर. आता एकच बदल करा. ज्याचा उंबरठा एक होता त्याचा दोन करा. पहिला उतरतो, आजूबाजूला बघतो, कोणीच येत नाही. शंभरातली नव्याण्णव माणसं जशीच्या तशी आहेत, सरासरी राग जवळपास तितकाच आहे, आणि तरी एकीकडे प्रचंड मोर्चा तर दुसरीकडे एकटा माणूस. म्हणून ‘लोक इतके का भडकले’ या प्रश्नाचं उत्तर केवळ लोकांच्या स्वभावात शोधणं चुकीचं आहे. कोणता उंबरठा कुणी हलवला, हेही विचारावं लागतं. पोलिसांची प्रत्येक कृती असे उंबरठे हलवत असते.

आता धूर. सर्वांत जास्त वापरलं जाणारं रसायन म्हणजे सीएस. मिडलबरी कॉलेजातल्या बेन कॉर्सन आणि रॉजर स्टोटन या दोन अमेरिकी रसायनतज्ज्ञांनी ते १९२८ मध्ये प्रथम बनवलं. त्यांच्या आडनावांच्या आद्याक्षरांवरून ते सीएस झालं. साध्या तापमानाला ही पांढरी, स्फटिकासारखी पूड असते, वायू नव्हे. नळकांड्यात तिच्यासोबत जळणारं मिश्रण असतं. पेट घेतल्यावर त्या उष्णतेने पुडीची वाफ होते, बाहेरच्या हवेत ती लगेच थिजते आणि मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढे कण तयार होतात. एवढ्या बारीक कणाला स्वतःच्या वजनाने दीड मीटर खाली यायला स्थिर हवेत सुमारे बारा तास लागतात. म्हणजे तो खाली बसण्याआधी वारा नेईल तिकडे जाणार. गोळा कुठे टाकायचा हे पोलीस ठरवू शकतात, धूर कुठे जाईल हे नाही.

कण डोळ्यांत, नाकात, घशात गेले की आपल्या मज्जातंतूंच्या टोकांवरच्या टीआरपीए-१ नावाच्या प्रथिनाला चेतवतात. मोहरी फेसताना नाकातून मस्तकात जाणारी झणझण याच प्रथिनामुळे होते. शरीराला बाहेरून हल्ला झाल्याचा इशारा मिळतो, डोळे गच्च मिटतात, पाणी वाहू लागतं, श्वासनलिका आकसते. अर्ध्या-एका मिनिटात हे सुरू होतं आणि मोकळ्या हवेत आल्यावर बहुतेकांचं अर्ध्या तासात ओसरतं. मिरचीतल्या कॅप्सेसिनचा भाऊबंद असलेला ‘पावा’ हा पदार्थ टीआरपीव्ही-१ या शेजारच्या प्रथिनाला चेतवतो. ते शोधून काढल्याबद्दल डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ चं नोबेल पारितोषिक विभागून मिळालं. काश्मीरमधल्या छऱ्यांच्या बंदुकांवरून २०१६ मध्ये वादळ उठलं तेव्हा पर्याय म्हणून पावाचे गोळे पुढे आले आणि ते बनवण्याचं कामही टेकनपूरकडेच आलं.

‘बहुतेकांचं ओसरतं’ या शब्दांत खरी मेख आहे. विषाचा परिणाम हवेत ते किती आहे आणि माणूस त्यात किती वेळ आहे, या दोन्हींवर ठरतो. अमेरिकेतली कामगार-आरोग्य संशोधन संस्था सीएसच्या बाबतीत घनमीटरला २ मिलिग्रॅम ही तब्येतीला तातडीचा धोका निर्माण करणारी पातळी मानते. चार मीटर लांब, चार मीटर रुंद आणि तीन मीटर उंच खोली घ्या. तिच्यात २० ग्रॅम पूड पसरली तर घनमीटरला ४०० मिलिग्रॅमच्या वर जाते, म्हणजे त्या पातळीच्या दोनशे पट. मैदानात वाऱ्याने दोन मिनिटांत विरणारा धूर बंद जागेत जीवघेणा ठरू शकतो. अमेरिकी लष्करात २०१२ मध्ये सहा हजारांहून जास्त रंगरुटांवर अभ्यास झाला. सीएसच्या खोलीत सराव केल्यानंतरच्या दिवसांत त्यांच्यात श्वसनाच्या आजारांचा धोका दुपटीहून जास्त दिसला. ही सगळी तरुण, धडधाकट मुलं होती. दम्याची आजी किंवा तान्हं मूल त्या अभ्यासात नव्हतं.

ग्वाल्हेरमधल्या दौलतगंज, फालका बाजार, शिंद्यांची छावणी इथल्या जुन्या वस्तीचा विचार करा. अरुंद गल्ल्या, दोन्ही बाजूंना उंच भिंती, आणि मध्ये चौक असलेले मराठी वाडे. वरून वारा वाहतो, पण चौकात तो उतरत नाही. शिरलेला धूर तिथेच घोटाळत राहतो. त्यात उन्हाळ्यात घरोघरी कूलर चालू असतात, आणि कूलर बाहेरची हवा ओढून घरात फेकतो. जवळपास गोंधळ सुरू झाल्याचं कळलं तर सगळ्यात आधी कूलर बंद करावा, रस्त्याकडच्या खिडक्या लावाव्यात आणि आतल्या बाजूच्या खोलीत जावं. बाहेर सापडलात तर वाऱ्याला आडवं चालत धुराच्या पट्ट्यातून निघावं. डोळे चोळू नयेत, भरपूर स्वच्छ पाण्याने धुवावेत, कॉन्टॅक्ट लेन्स असतील तर हात धुऊन काढाव्यात, कपडे बदलून अंग साबणाने धुवावं. कपड्यांत पूड अडकलेली असते. कांदा हुंगण्याचा सल्ला मोर्च्यांत हमखास मिळतो, तो मुळीच ऐकू नका, कारण कांदा आधीच चेतलेल्या नसांना आणखी टोचतो. मिरचीच्या फवाऱ्यावर दूध, बेबी शाम्पू, औषधी मलम आणि साधं पाणी यांची तुलना २००८ मध्ये एका चाचणीत झाली. कशानेही पाण्यापेक्षा ठळक जास्त आराम पडला नाही.

बाहेर जायला वाट नसेल तर धुराचं मरणात कसं रूपांतर होतं, हे १ ऑक्टोबर २०२२ ला इंडोनेशियात मलांग शहराच्या कंजुरुहान स्टेडियममध्ये दिसलं. फुटबॉलचा सामना संपल्यावर काही प्रेक्षक मैदानात उतरले, पोलिसांनी अश्रुधूर सोडला, तो प्रेक्षकांच्या सज्जांतही गेला आणि हजारो माणसं अरुंद दरवाजांकडे धावली. १३५ जण मेले. चौरस मीटरला चार माणसं असेपर्यंत प्रत्येकाला आपापलं पाऊल टाकता येतं. सहा-सात झाली की गर्दी द्रवासारखी वाहते, दाबाच्या लाटा तिच्यातून फिरतात आणि माणसं उभ्या उभ्या गुदमरतात. तिथे ‘पांगा’ असं सांगून उपयोग नसतो.

हे शरीराचं झालं. मनाचा भाग मला याहून महत्त्वाचा वाटतो.

१८९५ मध्ये फ्रान्सच्या गुस्ताव्ह ल बाँ यांनी सांगितलं की गर्दीत माणसाची बुद्धी विरघळते आणि उरतो तो कळप. हे मत इतकं सोयीचं होतं की जगभरच्या प्रशासनात ते मुरलं. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ स्टीफन रायशर यांनी एप्रिल १९८० मध्ये ब्रिस्टल शहराच्या सेंट पॉल्स भागातल्या दंगलीचा बारकाईने अभ्यास केला. दगड पडले ते पोलिसांवर, शेजाऱ्यांच्या घरांवर नाही. वस्तीबाहेर पोलिसांचा पाठलाग झाला नाही. लोक आतून वाहतुकीला वाट करून देत होते. विरघळलेली बुद्धी असं वागत नाही. पुढे क्लिफर्ड स्टॉट आणि सहकाऱ्यांनी ३१ मार्च १९९० च्या लंडनमधल्या करविरोधी मोर्चाचा अभ्यास केला. मोर्चात शांतताप्रिय बहुसंख्य आणि भांडखोर मूठभर असे वेगळे लोक होते. पोलिसांनी सगळ्यांना एकच समजून घोडे घातले, तेव्हा सगळ्यांचा अनुभव एक झाला. काठावर उभा असलेला माणूसही ‘आपण’ म्हणू लागला. काही वेळापूर्वी भांडखोरांना गप्प बसवणारेच आता त्यांना अडवेनासे झाले.

हे समजल्यावर काय करता येतं, ते २००४ च्या युरो फुटबॉल स्पर्धेत पोर्तुगालने दाखवलं. सामन्यांच्या शहरांत पोलीस साध्या गणवेशात, दोघादोघांनी, चाहत्यांशी बोलत फिरले. दंगलविरोधी तुकड्या नजरेआड ठेवल्या. इंग्लंडचे चाहते तिथे मोठ्या संख्येने असूनही गडबड अगदी थोडी झाली. त्याच देशात अल्गार्व्ह किनाऱ्यावर दुसरं पोलीस दल होतं, त्याने ही पद्धत घेतली नव्हती, आणि तिथे दंगली झाल्या.

फ्रान्सने इंधनकराच्या मोर्च्यांत उलट रस्ता धरला. १७ नोव्हेंबर २०१८ ला पिवळी जाकिटं घालून पावणेतीन लाखांहून जास्त लोक चौकांत उभे राहिले. पोलिसांकडे रबरी गोळ्यांबरोबर २५ ग्रॅम टीएनटी भरलेले अश्रुधुराचे बॉम्बही होते. काही लोकांचे डोळे गेले, काहींचे हात. मार्सेयमध्ये आपल्या घराच्या खिडकीशी उभ्या असलेल्या ८० वर्षांच्या बाईंच्या चेहऱ्यावर अश्रुधुराचा गोळा बसला आणि त्या वारल्या. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात सरकारने करवाढ रद्द केली, तरी मोर्चे महिनोन्महिने चालू राहिले. तो बॉम्ब २०२० च्या जानेवारीत मागे घेतला गेला. काझाकस्तानात तर भाव ५० तेंगेंपर्यंत, म्हणजे वाढीच्या आधीपेक्षाही खाली आणला, पण तोवर मागणी भावाची राहिली नव्हती. ७ जानेवारीला राष्ट्राध्यक्षांनी पूर्वसूचना न देता गोळ्या घालायचा हुकूम दिल्याचं जाहीर केलं. सरकारी आकड्यांप्रमाणेच २०० हून जास्त माणसं मेली.

रासायनिक शस्त्रांवरच्या आंतरराष्ट्रीय कराराने, जो १९९७ मध्ये लागू झाला, युद्धात अश्रुधूर वापरायला बंदी घातली आहे. देशातल्या देशात पोलिसांना त्याची मुभा आहे. सैनिकावर जे सोडता येत नाही ते नागरिकावर सोडता येतं, आणि मला हे फार अस्वस्थ करतं. २०२२ मध्ये टेकनपूरने ड्रोनमधून गोळे टाकायची यंत्रणा तयार केली. फेब्रुवारी २०२४ मध्ये पंजाब-हरियाणाच्या शंभू सीमेवर शेतकऱ्यांवर हरियाणा पोलिसांनी ड्रोनमधून अश्रुधूर टाकला. आता समोरासमोर उभं राहण्याचीही गरज उरलेली नाही, आणि ज्याच्याशी बोलायचं तो माणूस पोलिसांपासून आणखी दूर गेला आहे.

कायदा आजही आधी पांगण्याचा आदेश आणि मग बळ, असाच क्रम सांगतो. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या १४८ व्या कलमात तो आहे. त्या आदेशाच्याही आधी बोलणारा कोणी हवा. स्वीडनमध्ये २००१ ला गोथेनबर्गच्या दंगलीत पोलिसांनी आंदोलकांवर गोळ्या झाडल्या, त्यानंतर तिथे संवाद-पोलीस तयार झाले. मोर्चाआधी आयोजकांना भेटणं, मोर्चात त्यांच्यासोबत चालणं आणि दोन्हीकडचे निरोप पोचवणं हे त्यांचं काम. ग्वाल्हेरच्या महाराज बाड्यावर उद्या भाडं आणि डिझेलवरून रिक्षावाले बसले, तर सराफ्याकडची आणि दौलतगंजकडची वाट मोकळी ठेवणं, वारा कुठल्या गल्लीत शिरतोय ते पाहणं आणि दगड मारणारे दहा जण उरलेल्या हजारांपासून वेगळे ओळखणं, हे असा अधिकारीच करू शकेल. अश्रुधूर कसा वापरावा हे जिथे शिकवलं जातं तिथेच या गोष्टी शिकवायला काय हरकत आहे? ब्रिस्टल आणि लंडनचे निष्कर्ष, काझाकस्तानातली झानाओझेनपासून अल्माटी शहरापर्यंतची तारीखवार हकिगत आणि वाऱ्याची दिशा पाहायचा साधा सराव: सुरुवातीला अभ्यासक्रमात एवढं असलं तरी चालेल.