बाटली सोडवणे

तान्हेपणी लागलेली दुधाच्या बाटलीची सवय मोडून मुलाला वाटीतून, पेल्यातून प्यायला शिकवणे. ‘दूध तोडणे’ हा प्रयोग मराठीत अंगावरचे दूध बंद करण्यासाठी रूढ आहे. बाटली मात्र ‘सोडवतात’, आणि हा शब्द नेमका आहे. दूध चालूच राहते, सुटायचे असते ते निपल.

सहाव्या महिन्यानंतर, उष्टावण झाली की पेल्याची ओळख करून द्यावी, वर्षाच्या सुमारास बाटली कमी करू लागावे आणि दीड वर्षापर्यंत ती पूर्ण बंद करावी, असे बालरोगतज्ज्ञ सहसा सांगतात.

मुंबईत बाटली बहुधा आईच्या नोकरीबरोबर घरात येते. २०१७ च्या कायदादुरुस्तीने प्रसूती रजा २६ आठवड्यांची झाली. म्हणजे बाळ सहा महिन्यांचे होते न होते तोच आई पुन्हा लोकल पकडते आणि बाळ आजीकडे नाहीतर पाळणाघरात राहते. तिथे बाटली सोयीची पडते: दूध सांडत नाही, मूल ती स्वतःच धरते, सांभाळणाऱ्याचे हात मोकळे होतात. यात आईला बोल लावण्यासारखे काहीच नाही. बाटल्यांच्या जाहिरातींना १९९२ च्या कायद्याने देशभर बंदी आहे, पण गरज जाहिरातीविनाही घरात शिरते.

सर्वांत जास्त नडते ती झोपतानाची बाटली. झोपेत लाळ कमी सुटते, दूध दातांवर साचते आणि तोंडातले जंतू दुधातल्या साखरेपासून आम्ल तयार करतात. आधी वरच्या पुढच्या दातांवर, हिरडीलगत, खडूसारखे पांढरे पट्टे दिसतात. पुढे ते तपकिरी होतात. ‘दुधाचेच दात, पडणारच आहेत’ हे समाधान खोटे आहे. दुखऱ्या दातांनी मूल पोळीचा तुकडाही चावत नाही. शिवाय दुधाने पोट भरले की वरणभात, भाजी, अंडे मागे पडते. दुधात लोह अगदी कमी असल्याने अशा मुलांना रक्तक्षय होऊ शकतो. वर्षानंतर दिवसाला साधारण अर्धा लिटर दूध पुरे. निपलच्या भोकाशी अडकणारी साय नीट निघाली नाही तर जुलाबांचीही भीती असते.

दिवसाच्या बाटल्या आधी सोडवाव्यात, एकेक करून. मुलाच्या हाती त्याचे स्वतःचे छोटे फुलपात्र द्यावे, तळाशी दोनच घोट दूध घालून. पहिले काही दिवस निम्मे दूध लाळेऱ्यावर जाते, ते जाऊ द्यावे. बारशाला आलेले चांदीचे बोंडले कपाटात पडून असते; तेही बाटलीच्या आधीचे, चोच असलेले आणि धुवायला सोपे साधन. सिपर दिवसभर तोंडात राहिला तर तो दुसरी बाटलीच ठरतो.

रात्रीची बाटली शेवटी सोडवावी. तिथे मुलाला भूक नसते, झोपेचा आधार हवा असतो. म्हणून दूध झोपण्याच्या अर्धा तास आधी पेल्यातून पाजून दात घासावेत, मग थोपटणे, अंगाई. काही घरी रोज दुधात पाणी वाढवत नेतात. वर्षावरच्या, नीट जेवणाऱ्या मुलाला ते चालते. निपलला कडुनिंब किंवा कोरफड लावण्याचा जुना उपाय मात्र टाळावा. ज्या वस्तूवर मुलाचा विश्वास आहे तीच अचानक कडू करणे दुष्टपणाचे आहे. चाळीत किंवा छोट्या फ्लॅटमध्ये रात्रीचे रडणे भिंतीपलीकडे ऐकू जाते आणि शेजाऱ्यांच्या संकोचाने तिसऱ्या रात्री बाटली परत येते. शेजारी आधीच सांगून ठेवलेले बरे. आजी आणि पाळणाघरातल्या ताई यांचेही एकमत लागते. दुपारी एकीने दिलेली बाटली आठवड्याची मेहनत घालवते.

ताप असताना, पाळणाघर नवे असताना किंवा घरात दुसरे बाळ आले असताना हे काम हाती घेऊ नये. काही मुले बाटली सुटल्यावर थोडे दिवस दूधच नाकारतात. तेवढे दिवस दही, पनीर, नाचणीची खीर चालते. फुलपात्र मात्र रोज समोर ठेवावे.