विणकामातील गेज

दोन सुयांवरच्या किंवा क्रोशाच्या विणकामात ठरावीक मापात, सामान्यतः 10 सेंमी. चौरसात, बसणारे टाके व ओळी म्हणजे गेज. हात घट्ट की सैल यावर ते ठरते. त्यामुळे तीच लोकर आणि तीच सुई घेऊनही दोघींचे गेज जुळेलच असे नाही, आणि छापील नमुन्यातील आकडे आपल्या हातानुसार बदलून घ्यावे लागतात.

पहिली गल्लत सुईच्या नंबरात होते. आपल्याकडे जुना ब्रिटिश क्रम अजून रूढ आहे. त्यात नंबर वाढला की सुई बारीक होते : 8 नंबर 4 मिमी., 10 नंबर 3.25 मिमी. अमेरिकी क्रम उलटा असून त्यातील 8 नंबर 5 मिमी. असतो. ब्रिटिश नंबर तारेच्या जाडीच्या श्रेणीवरून आले असावेत. त्या श्रेणीत 8 नंबरची तार 4.06 मिमी. भरते, हे पाहता हे मत ग्राह्य वाटते. क्रोशात ब्रिटिश ‘डबल क्रोशे’ म्हणजे मुका खांब (बुटका टाका), तर अमेरिकी ‘डबल क्रोशे’ म्हणजे साधा खांब (त्याहून उंच टाका). नमुना कुठला हे आधी पाहावे.

नमुन्याचा तुकडा किमान 15 सेंमी. चौरस विणून, धुऊन, सपाट वाळवून मधल्या 10 सेंमी.तले टाके मोजतात. कडा वळतात म्हणून त्या धरत नाहीत. कोल्हापूरच्या पावसाळ्यात तुकडा वाळायला वेळ लागतो, आणि ओलसर तुकड्याचे माप फसवे असते. ॲक्रिलिकवर गरम इस्त्री फिरवू नये, वीण कायमची लुळी पडते. अर्धा टाकाही सोडू नये : 20½ऐवजी 20 धरले, तर 90 सेंमी. घेरात सुमारे 2 सेंमी.चा फरक पडतो.

नमुन्यात 22 टाके, 30 ओळी आणि आपल्या हाती 20 टाके, 25 ओळी येत असतील, तर 45 सेंमी. पाठीसाठी 99ऐवजी 90 टाके घालावे लागतात. 99च ठेवले तर पाठ 49.5 सेंमी. होते. नक्षी 6च्या पटीत अधिक 3 टाक्यांची असेल, तर 90 बसत नाहीत. 87 किंवा 93 घ्यावे लागतात. शर्टावरून घालायच्या स्वेटरला 93 बरे.

बाहीत ओळींचे गणित अवघड होते, आणि बहुतेक स्वेटर तिथेच बिघडतात. नमुन्यात दर सहाव्या ओळीला दोन्ही कडांना एकेक टाका, असे 12 वेळा वाढवायचे असेल, तर त्या 72 ओळी म्हणजे 24 सेंमी. आपल्या हाती तेवढ्या लांबीत 60 ओळी येतात. वाढीचे 24 टाकेही 22 होतात, म्हणजे 11 वेळा वाढ : 6 वेळा पाचव्या, 5 वेळा सहाव्या ओळीला. मुंढा व गळा यांनाही हेच लागू.

क्रोशाचे तोरण स्वतःच्या वजनाने ताणले जाते, म्हणून त्याचा तुकडा टांगून मोजावा. गोल रुमालात फेरीच्या उंचीच्या मानाने टाके कमी पडले तर तो वाटीसारखा वळतो, जास्त झाले तर कडेला झालर पडते.